कोटेशनची अप्रूव्हल सिस्टीम लावली खरी, पण सगळं पात्रांवांच्या (मालकांच्या) मोबाईलवर जाऊन अडकतंय. काय करावं?

वेर्ण्याचा_सेल्सवाला:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. आमची कंपनी वेर्ण्याला, हॉटेल-रेस्टॉरंटवाल्यांना एसी, कोल्ड रूम, डीप फ्रीजर पुरवतो आणि बसवूनही देतो. काणकोणपासून पेडण्यापर्यंत, आणि थोडंफार सावंतवाडी-कुडाळ. सेल्सची सहा मुलं, त्यांच्यावर मी, माझ्यावर दोन डायरेक्टर म्हणजे मोठे पात्रांव आणि त्यांचा मुलगा. अकाउंट्सला एक बाई आहेत, त्यांनी मान हलवल्याशिवाय उधारीवर एक स्क्रू पण बाहेर जात नाही.

आधी सगळं एक्सेलवर चालायचं, कोणी किती डिस्काउंट दिलाय ते थेट बिल बनवताना कळायचं. म्हणून सीआरएम (गिऱ्हाईकं आणि विक्री सांभाळायचं सॉफ्टवेअर) घेतलं, त्यात कोटेशनचं मॉड्यूल आहे, अप्रूव्हल पण आहे. सेटअपला बाहेरून कन्सल्टंट आलेला, त्याने विचारलं नियम काय काय लावू, मोठे पात्रांव म्हणाले माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय काही बाहेर जाता कामा नये. झालं, त्याने तेच शब्दशः सिस्टीममध्ये घातलं.

आता काय आहे तर डिस्काउंट ५ टक्क्यांच्या वर गेला की माझ्याकडे, १० च्या वर डायरेक्टर, रक्कम १० लाखांच्या वर असली तर डिस्काउंट शून्य असला तरी डायरेक्टर, आणि पेमेंट ३० दिवसांपेक्षा जास्त मागितलं तर अकाउंट्स. हे सगळं एकामागून एक, म्हणजे मी दाबल्याशिवाय बाईंना दिसत नाही आणि बाईंनी दाबल्याशिवाय पात्रांवांना दिसत नाही.

तुम्हाला माहीतच आहे, इथली हॉटेलं कामं काढतात पावसात, ऑक्टोबरला सीझन सुरू व्हायच्या आत सगळं बसलेलं पाहिजे, त्यात मध्ये चवथ (गणेशचतुर्थी) येते. म्हणजे आमची सगळी कोटेशनं त्याच दोन-अडीच महिन्यांत. मोरजीच्या एका हॉटेलला १४ स्प्लिट एसी कोट केले, तिन्ही मंजुऱ्या झाल्या, मग पर्चेसवाला म्हणाला १५ करा, आम्ही आकडा बदलला तर परत पहिल्यापासून सुरू! तोवर पात्रांव चवथीला गावी, तिथे नेटवर्कची बोंब. मुलं तरी किती थांबणार, आता ती ड्राफ्टचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात. आणि १० लाखांचा नियम चुकवायला एकाच हॉटेलची दोन कोटेशनं करतात, एक ९.८० चं आणि एक बारकं.

तर प्रश्न असा की मर्यादा ठरवायच्या कशा, एकामागून एक ठेवायचं की सगळ्यांना एकदम पाठवायचं, माणूस नसेल तेव्हा काय, आणि मंजूर झाल्यावर बारीक बदल झाला तर काय. कोणी केलं असेल तर सांगा, थिअरी नको.

पणजी_हिशेबनीस:

वेर्णेकरबाब, तुमचा नियमच चुकीच्या आकड्यावर बसलाय. डिस्काउंटच्या टक्क्यावर मंजुरी लावलीत पण डिस्काउंटने कोणाचं घर चालत नाही, मार्जिनने चालतं.

सरळ हिशेब बघा. लिस्ट प्राइस १० लाख, माल तुम्हाला पडतो ८ लाखांना. १० टक्के सोडले की ९ लाखांना विकला, उरले १ लाख. म्हणजे दिले दहा टक्के पण नफा अर्धा गेला. १५ सोडले तर ८.५० ला विकला आणि हातात ५० हजार, विक्रीच्या सहा टक्के पण नाहीत. आता दुसरा माल घ्या ज्यात तुम्हाला लिस्टवर ४० टक्के सुटतात, तिथे १५ सोडले तरी काही बिघडत नाही, पण तुमच्या सिस्टीमला दोन्ही सारखेच, दोन्ही पात्रांवांकडे. उलट ज्या मालात मुळातच ७ टक्के सुटतात त्यात कोणी ५ सोडले तर कोणाला काही कळणारच नाही, नियम ५ च्या वरचा आहे ना.

दुसरं, एसीवाल्यांचा मला अनुभव आहे म्हणून सांगतो, डिस्काउंटच्या रकान्यात ३ टक्के लिहितात आणि खाली कॉपर पायपिंग फुकट, स्टॅबिलायझर फुकट, दुसऱ्या वर्षाची एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) फुकट. तांब्याचा भाव काय झालाय ते बघा जरा. ती पाईप शून्य रुपयाला टाकली की डिस्काउंट शून्यच दिसतो कारण त्या लाईनला लिस्ट प्राइसच नसते! तर पहिलं काम हे की प्रत्येक लाईनला कॉस्ट भरा, पायपिंगला मीटरप्रमाणे, लेबरला पण, आणि अख्ख्या कोटेशनचं मार्जिन काढणारं एक फील्ड बनवा. मंजुरी त्या फील्डवर.

तिसरं उधारी. ९० दिवस उधार म्हणजे बँकेचं व्याज १२ टक्के धरलं तर साधारण ३ टक्के डिस्काउंटच दिल्यासारखं झालं, फक्त तो कुठे दिसत नाही. ते पण त्याच मार्जिनमधून वजा करता येतं.

आणि तुमच्या बाईंना सांगा, तुमची कंपनी उद्यमला (सरकारच्या छोट्या उद्योगांच्या नोंदणीत) मायक्रो किंवा स्मॉल म्हणून नोंदलेली असेल आणि मॅन्युफॅक्चरर किंवा सर्व्हिसवाली असेल तर कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पेमेंट नेता येत नाही, करार नसेल तर १५. एप्रिल २०२४ पासून तर आयकरात ४३बी(एच) कलम पण आलं, वेळेत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा मिळतो. नुसत्या ट्रेडिंगला हे लागू नाही, तेव्हा तुमचं नेमकं कशात बसतं ते तुमच्या सीएला विचारा. पण बसत असेल तर उधारीचा नियम ३० वर ठेवण्याऐवजी ४५ वर ठेवा, खालचं सगळं सेल्स मॅनेजर बघेल, ४५ च्या वर अकाउंट्स. बाईंच्या टेबलावरचा निम्मा ढीग तिथेच कमी होईल.

म्हापशेकर:

हिशेबनीस साहेब सगळं बरोबर पण एक सांगा, कॉस्ट सेल्सच्या पोराला दाखवायची? आमच्याकडे दाखवली होती, त्यातला एक पोरगा दुसऱ्या डीलरकडे गेला आणि जाताना आख्खी प्राइस लिस्ट डोक्यात घेऊन गेला. मी स्वतः फिरतीवर असतो, मला कॉस्ट नको, मला फक्त एवढं कळू दे की ह्या भावाला मी गिऱ्हाईकासमोर बसून हो म्हणू शकतो की नाही. कळंगुटच्या हॉटेलात पर्चेस मॅनेजर समोर बसलेला असतो, त्याच्या टेबलावर अजून दोघांची कोटेशनं पडलेली असतात, आणि मी म्हणणार "सर उद्या विचारून सांगतो"? उद्या तो फोन पण घेत नाही.

माझं म्हणणं, दहातल्या आठ कोटेशनांना मंजुरी लागताच कामा नये. लागत असेल तर समजा मर्यादा चुकलीय, पोरं चुकलेली नाहीत.

कदंबा_पॅसेंजर:

आमच्याकडे सिस्टीम सोपी आहे. साहेब जेवून उठले की कागद पुढे करायचा.

डिचोली_सीआरएम:

मी हेच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, म्हापशेकरबाबांच्या मुद्द्यापासून सुरू करतो कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

कॉस्ट दाखवायची गरज नाही. जवळजवळ सगळ्या सीआरएममध्ये फील्ड लपवता येतं, कॉस्ट आणि मार्जिनचे आकडे सेल्सच्या प्रोफाइलपासून लपवा आणि त्यावरून निघणारं एक साधं फील्ड उघडं ठेवा, हिरवा, पिवळा, लाल. पोरगा गिऱ्हाईकासमोर बसून भाव टाकतो, हिरवा दिसला की तिथल्या तिथे पीडीएफ काढून देतो, कोणाला विचारायचं नाही. पिवळा म्हणजे सेल्स मॅनेजर. लाल म्हणजे डायरेक्टर. एक खबरदारी, कॉस्ट लपवली पण मार्जिनचा टक्का उघडा राहिला तर पोरं पाच मिनिटांत उलटा हिशेब करून कॉस्ट काढतात, तेव्हा टक्का पण लपवा.

पट्टे कुठे पाडायचे ते मीटिंगमध्ये बसून ठरवू नका, तिथे प्रत्येकजण आपला आवडता आकडा सांगतो. मागच्या सीझनची जिंकलेली कोटेशनं काढा, प्रत्येकाचं मार्जिन काढा, उतरत्या क्रमाने लावा आणि पात्रांवांना समोर बसवून विचारा की ह्यातलं कुठलं तुम्हाला परत दिसलं तर तुम्ही नाही म्हणाल. ते जिथे बोट ठेवतील ती लाल रेघ. लोकांना नियम सांगता येत नाही पण कागद दाखवला की लगेच सांगतात, हे नको होतं द्यायला.

आता एकामागून एक की एकदम. उधारी आणि मार्जिन हे दोन वेगळे प्रश्न आहेत, अकाउंट्सच्या बाई पार्टीचं जुनं येणं बघणार आणि तुम्ही भाव बघणार, त्यांचा एकमेकांशी काय संबंध? ते दोन एकदम पाठवा. पण तुम्ही आणि डायरेक्टर एकाच गोष्टीवर बघताय, भावावर, तिथे क्रम ठेवा, नाहीतर तुम्ही जे नाकारणार होता ते पात्रांव आधीच मंजूर करून बसतील आणि मग घरात भांडण. अजून एक, लाल कोटेशनला तुमची पायरी खरंच हवी का ते बघा. काही ठिकाणी मॅनेजर नुसता पुढे ढकलतो, विचार वर होतो, मग ती पायरी म्हणजे फुकटचा उशीर.

दोन कोटेशनं करून रक्कम चुकवायचं जे चाललंय ते सोपं आहे थांबवायला. नियम कोटेशनवर न लावता डीलवर लावा, म्हणजे एकाच डीलखालच्या सगळ्या चालू कोटेशनांची बेरीज. ती मर्यादेच्या वर गेली की दुसरं बारकं कोटेशन पण मंजुरीला जातं. पण खरं विचाराल तर १० लाखांचा तो नियमच काढा. पूर्ण भावाने १२ लाखांचं कोटेशन गेलं तर त्यात पात्रांवांनी बघायचं काय, आनंद व्यक्त करायचा? मोठ्या कामात धोका असतो तो पेनल्टीच्या अटीत, ॲडव्हान्स न घेण्यात, साईट तयार नसताना तारीख कबूल करण्यात. त्यासाठी एक टिकमार्क ठेवा, "स्टँडर्ड अटी बदलल्यात", ती केली की वर जाईल.

१४ चे १५ एसी झाले तेव्हाचं. बहुतेक सिस्टीममध्ये मंजुरीला गेलेलं रेकॉर्ड लॉक होतं, सेल्सफोर्स आणि झोहो ह्या सीआरएममध्ये तसंच आहे, मंजुरी देणारा आणि ॲडमिन सोडून कोणाला हात लावता येत नाही. ते बरोबरच आहे. बदल करायचा तर परत सबमिट, पण परत सबमिट केल्यावर सगळे नियम नव्याने लागायची गरज नाही. सेल्सफोर्सच्या ॲडव्हान्स्ड अप्रूव्हल्समध्ये स्मार्ट अप्रूव्हल म्हणून सोय आहे, आधी मंजूर झालेल्या मर्यादेतच नवा आकडा असेल तर तो टप्पा आपोआप मंजूर धरतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार नसलं तरी हाताने बनवता येतं, मंजुरी मिळाली की त्या क्षणाचं मार्जिन आणि क्रेडिटचे दिवस दोन वेगळ्या फील्डमध्ये कॉपी करून ठेवायचे, परत सबमिट करताना तुलना, मार्जिन घसरलं नसेल आणि दिवस वाढले नसतील तर सरळ मंजूर. तुमचा एक एसी वाढला, भाव तोच, मार्जिन तेच, कोणाला कशाला उठवायचं.

स्क्रीनशॉटचं म्हणाल तर दोन गोष्टी करा, मंजूर नसलेल्या कोटेशनवर पीडीएफचं बटणच दाखवू नका, आणि दाखवायचंच असेल तर आडवं मोठं "मसुदा" छापलेलं टेम्प्लेट. पण हे शेवटी करा. आधी हिरवा पट्टा मोठा करा. रस्ता मोकळा न करता नुसतं गेट लावलं तर पोरं कुंपणावरून उडी मारणारच.

वेर्ण्याचा_सेल्सवाला:

देव बरें करूं सगळ्यांचं! काल संध्याकाळी बसून मागच्या सीझनची कोटेशनं काढली, हिशेबनीस म्हणाले तसंच निघालं, डिस्काउंट २ टक्के दिसतोय आणि पायपिंग फुकट धरली की मार्जिन तळाला. आणि ज्याच्यावर पात्रांव सगळ्यात जास्त ओरडले होते, १२ टक्के डिस्काउंटवालं, त्यात चांगलं सुटलंय. ते त्यांना दाखवायचं कसं हा वेगळा प्रश्न :)

पण दोन गोष्टी राहिल्या. एक, मोठे पात्रांव ॲप उघडतच नाहीत. मी फोन करतो, ते "दे दे" म्हणतात, आणि मग त्यांचा पासवर्ड माझ्याकडे आहे त्याने मी दाबतो. दुसरं, जुनी कोटेशनं. मागे २२ सप्टेंबर २०२५ ला एसीचा जीएसटी २८ चा १८ झाला तेव्हा आमच्याकडे मंजूर झालेली आणि गिऱ्हाईकाकडे पडलेली ढीगभर कोटेशनं होती, कोणती परत काढायची आणि कोणती नाही ह्यात नुसता गोंधळ. तसं परत झालं तर?

पणजी_हिशेबनीस:

पासवर्डचं आजच बंद करा. उद्या एखाद्या पार्टीने पैसे बुडवले तर रेकॉर्डला काय दिसणार, पात्रांवांनी स्वतः मंजूर केलं. आणि ते म्हणणार मी कधी म्हणालो. फोनवरच्या "दे दे" ला साक्षीदार कोण? तुमच्याच गळ्यात येणार ते.

जीएसटीबद्दल, मंजुरी नेहमी करपूर्व रकमेवर ठेवा. मार्जिन करपूर्वच असतं, मग दर बदलला तरी मंजुरी जागेवर राहते, फक्त छापील कागद नवा काढायचा. करासकट रकमेवर नियम लावला असेल तर दर बदलला की सगळी कोटेशनं ह्या मर्यादेतून त्या मर्यादेत उड्या मारतात. तुमच्या सावंतवाडीच्या कोटेशनांना पण हेच, तिथे दुसरं राज्य म्हणून आयजीएसटी लागतो आणि इथे राज्यातल्या राज्यात सीजीएसटी-एसजीएसटी, एकूण टक्का तोच पण काही टेम्प्लेटमध्ये रकाने वेगळे असल्याने बेरजेचं सूत्र एकच रकाना उचलतं. तपासून बघा एकदा.

डिचोली_सीआरएम:

ॲप न उघडणाऱ्यांसाठी ईमेलवरून मंजुरी. सेल्सफोर्समध्ये ती सोय चालू केली की आलेल्या मेललाच उत्तर द्यायचं, पहिल्या ओळीत येस किंवा अप्रूव्ह, नाहीतर नो. लॉगिन नको, काही नको. बाकीच्यांकडे पण मेलमध्ये लिंक वगैरे असते. पण मेलमध्ये लिहिता काय ते बघा. "कोटेशन क्रमांक अमुक मंजुरीसाठी प्रलंबित" एवढंच गेलं तर ते वाचून तुम्हालाच फोन करणार ना, कसलं रे हे म्हणून. मेलच्या वरच्या चार ओळींत हॉटेलचं नाव, रक्कम, मार्जिन, लाल कशामुळे झालं ते, पार्टीचं जुनं येणं, आणि पोराने लिहिलेलं कारण. कारणाचं फील्ड सक्तीचं करा आणि "कस्टमर रिक्वेस्ट" असलं उत्तर चालणार नाही म्हणून सांगा, गिऱ्हाईक मागतोच, न मागायला काय झालंय. समोर दुसरा कोण आहे, किती भाव दिलाय, काम कधी हवंय, असं लिहा.

गावी गेले की अधिकार मुलाकडे, पण सिस्टीममध्ये रीतसर डेलिगेट (त्यांच्या बदली मंजुरी देणारा) म्हणून, मग इतिहासात मुलाचंच नाव येतं. सेल्सफोर्सवर असाल तर एक बारीक खोडी आहे, डेलिगेट नेमला तरी त्याला मेल जातोच असं नाही, प्रत्येक युजरच्या सेटिंगमध्ये अप्रूव्हलचे मेल कधी यावेत हे वेगळं निवडावं लागतं, फक्त स्वतः अप्रूव्हर असताना की डेलिगेट असताना पण. ते न बघितल्यामुळे लोक दोन दोन दिवस सिस्टीमला शिव्या देत बसतात. आणि वेळेची घंटा लावा, चार कामाचे तास झाले की आठवण, त्यानंतर डेलिगेटकडे. वेळ संपली म्हणून आपोआप मंजूर मात्र कधीच करू नका, पोरांना ते कळलं की शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला सबमिट करायला लागतात.

म्हापशेकर:

शुक्रवार साडेपाच, हा हा, कोणी सांगितलं तुम्हाला. आणि नाकारताना पण कारण लिहायला लावा हो. नुसतं रिजेक्टेड दिसलं की आम्ही काय समजायचं, किती कमी करू, पाईप काढू की उधारी? "१८ मीटरच्या वरची पायपिंग बिलात घे, मग देतो" एवढं लिहिलं की काम तिथेच सुटतं.

वेर्ण्याचा_सेल्सवाला:

ठरलं. मुलाशी बोललो, तो तयार आहे, वडिलांना तोच पटवणार म्हणाला. पासवर्ड पण बदलून घेतो. आता शेवटचं, नवे नियम चालू करायचे तर सध्या मध्येच लटकलेल्या कोटेशनांचं काय, आणि मंजुरी किती दिवस धरायची?

डिचोली_सीआरएम:

मंजुरी कोटेशनच्या मुदतीइतकीच, मुदत संपली की मंजुरी पण संपली, स्टेटस आपोआप परत ड्राफ्ट. तुमच्या धंद्यात कंपनीकडून भाव किती दिवस पक्का मिळतो त्यावर मुदत ठेवा. लटकलेली आधी निकालात काढा, मंजूर करा किंवा परत बोलवा, मग स्विच टाका, जुन्या नियमात अर्धी आणि नव्यात अर्धी अशी ठेवू नका. सँडबॉक्स (सिस्टीमची चाचणीसाठीची वेगळी प्रत) असेल तर त्यात मागच्या सीझनची हिरवी, पिवळी, लाल अशी थोडी थोडी खरी कोटेशनं घालून बघा, आणि एक ते मोरजीचं १४ चं १५ करून. स्विच टाकायचा तो चवथ झाल्यावर नको, आत्ताच मे-जूनमध्ये टाका, तेव्हा कोटेशनं कमी असतात आणि काही फसलं तर दुरुस्त करायला वेळ मिळतो.

वेर्ण्याचा_सेल्सवाला:

मे अखेरीला करतो. सँडबॉक्स आमच्या प्लॅनमध्ये आहे का ते आज विचारलंय, नसेल तर एक खोटी पार्टी बनवून त्याच्यावरच बघतो.